'ला पेन्या' म्हणजे दुःख नव्हे

प्रश्न असा आला आहे: "रिकी रुबिओ ज्या बादालोनाच्या बास्केटबॉल संघातून पुढे आला, त्या जुवेन्तुतला 'ला पेना' म्हणतात. स्पॅनिशमध्ये 'पेना' म्हणजे दुःख. 1992 साली युरोपचा अंतिम सामना एका गुणाने हरल्यामुळे हे नाव पडलं, असं ऐकलं. खरं का? आणि जुवेन्तुत व इटलीतलं युव्हेंटस हे एकच नाव का?"

दुसरा भाग आधी उरकतो. हो, दोन्ही नावं लॅटिनमधल्या 'तारुण्य' या अर्थाच्या शब्दावरून आली आणि आपल्या 'युवन्'ची सगोत्र आहेत. फक्त उच्चार सांभाळा. 'जोव्हेंटट' म्हणू नका आणि 'हुवेंतुद'ही म्हणू नका. 'हुवेंतुद' हे त्याच नावाचं स्पॅनिश रूप. स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या राजवटीत कातालान, म्हणजे बादालोनाकडच्या भाषेतल्या, नावांवर स्पॅनिश रूपं लादली गेली, त्यात या क्लबचंही नाव बदललं. कातालानमधला पहिला ध्वनी पोर्तुगीज 'जुझे'च्या आरंभी असतो तोच. गोव्यातल्या वाचकांना याहून जास्त सांगायला नको.

आता 'पेना'. हे मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता सोसवत नाही. 'पेना' हा शब्द स्पॅनिशमध्ये आहे, कातालानमध्येही आहे, त्याचा अर्थ दुःख किंवा शिक्षा हाही खरा. इंग्रजी 'पेनल्टी' त्याच घराण्यातली. पण क्लबचं नाव 'पेन्या' आहे. स्पॅनिश लिपीत न वर नागमोडी रेघ असते, कातालानमध्ये एनपुढे वाय लिहितात. ती रेघ शोभेची नाही. हस्तलिखितांच्या काळात जागा वाचवायला दुसरा न पहिल्याच्या डोक्यावर लिहीत, त्याची ही रेघ झाली. लॅटिनमधल्या 'पिन्ना'तला जोड न घासून 'पेन्या' झालं, म्हणजे रेघ गाळणारा माणूस अर्धा शब्दच गाळतो. 'पेना' आलं एकाच न च्या निराळ्या लॅटिन शब्दातून. दोघांचा काडीचा संबंध नाही. आणि 1992 चा तर मुळीच नाही, कारण हे नाव 1930 पासूनचं आहे.

'पिन्ना' म्हणजे तटबंदीवरचा दातेरी कठडा. त्यावरून सुळका, कडा, खडक. हाच शब्द पोर्तुगीजमध्ये 'पेन्ह' झाला. बारदेशात ब्रिटोनाला मांडवीकाठी 'पेन्ह द फ्रान्स'चं पांढरं चर्च उभं आहे, त्यातलं 'पेन्ह' ते हेच. मूळचा 'पेन्या दे फ्रान्सिया' हा स्पेनमध्ये सालामांकाकडचा डोंगर. म्हणजे आपल्याकडे हा शब्द कधीचाच येऊन राहिला आहे, आणि तरी आपण 'पेना' म्हणतो.

पण खडकाचा मित्रमंडळाशी काय संबंध? स्पेनमध्ये 'पेन्या' म्हणजे एकत्र जमणारी मंडळी. लॉटरीचं तिकीट मिळून काढणारी पेन्या असते, फ्लामेंको ऐकणारी असते, पाम्प्लोनाच्या सान फेर्मिन उत्सवात बॅनर घेऊन फिरणारी असते, एखाद्या फुटबॉल संघाच्या चाहत्यांची असते. तरुणांच्या बोलीत तर 'पेन्या' म्हणजे नुसतं 'पब्लिक'. स्पॅनिश अकादमीचा कोश आधी खडक देतो, मग टेकडी देतो, मग त्याच नोंदीत मित्रांचा गट देतो आणि पुढच्या शब्दाकडे वळतो. एका अर्थातून दुसरा कसा निघाला यावर अवाक्षर नाही! एवढ्या मोठ्या संस्थेला हा प्रश्न पडू नये, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

मराठी माणसाला उत्तर शोधायला लांब जावं लागत नाही. आपल्याकडे 'कट्टा' आहे. कट्टा म्हणजे आधी बांधीव ओटा, बसायचा कठडा. कानडी 'कट्टे'शी त्याचं नातं आहे, तिथे 'कट्टु' म्हणजे बांधणं. शिवाजी पार्कच्या कठड्यावर संध्याकाळी जमणारे लोक म्हणजेही कट्टा. "आमच्या कट्ट्यावर ये" यात दगड आहे, "आमच्या कट्ट्यात सगळे इंजिनियर" यात दगड उरलेला नाही, माणसंच आहेत. 'पिन्ना'चा मूळ अर्थ कठडा, हे पुन्हा आठवा. जागेचं नाव तिथे बसणाऱ्यांना लागलं, ही भाषेची अगदी नेहमीची चाल आहे, आणि पेन्याच्या बाबतीत तीच घडली असं माझं ठाम मत आहे. म्हणून 'ला पेन्या'चं भाषांतर 'चाहता मंडळ' करणाऱ्यांवर मी चिडतो. मंडळाला अध्यक्ष असतो, पावतीपुस्तक असतं. ही मुळात बादालोनाच्या पोरांची गँग होती. मराठीत तो 'बादालोनाचा कट्टा'च.

याहून रंगतदार भाग पुढे आहे. 1930 साली या पोरांनी क्लब काढला तेव्हा त्याचं पूर्ण नाव ठेवलं 'पेन्या स्पिरिट ऑफ बादालोना'. मे 1927 मध्ये अमेरिकन वैमानिक लिंडबर्गने न्यूयॉर्क ते पॅरिस एकट्याने, न थांबता, साडेतेहेतीस तासांत विमान नेलं. त्या विमानाचं नाव 'स्पिरिट ऑफ सेंट लुईस'. बार्सिलोनाला खेटून असलेल्या, कारखान्यांच्या आणि समुद्रकाठच्या गावातल्या मुलांनी त्या विमानावरून आपल्या टोळीचं नाव ठेवलं! ते इंग्रजी नाव पुढे टिकलं नाही. काही वर्षं 'सेंत्रे एस्पोर्तिउ बादालोनी' झालं, मग यादवी युद्धानंतर 'हुवेंतुद', आणि हुकूमशाही सरल्यावर कातालान 'जुवेन्तुत' परत आलं. एवढ्या घालमेलीत लोकांच्या तोंडी एकच शब्द टिकला, पहिल्या नावातला पहिला.

आता 'पिन्ना' म्हणजे पीससुद्धा, पंखसुद्धा. ते 'पेन्ना'चंच दुसरं रूप. 'पेन्ना' निघालं उडण्याच्या धातूपासून, आणि तो धातू संस्कृतात 'पत्' आहे. त्यावरून पतंग, त्यावरून 'पत्र', ज्याचा एक अर्थ पंख असाच आहे. पिसाची लेखणी करत म्हणून इंग्रजीत 'पेन'. आपण पेनाने पत्र लिहितो तेव्हा एकाच धातूची दोन लेकरं कामाला लावतो. काही अभ्यासक 'पिन्ना' आणि 'पेन्ना' मुळात वेगळे मानतात, एक टोकदार वस्तू आणि एक पीस. मला हे पटत नाही. तटाचे दाते पंखाच्या पिसांसारखे ओळीने उभे दिसतात, एवढं डोळ्यांनी पाहिलं तरी पुरे. आणि माझं म्हणणं धरलं तर विमानाच्या नावाने सुरू झालेल्या या क्लबच्या पहिल्याच शब्दात उड्डाण आहे. त्या पोरांना हे माहीत असण्याचं कारण नाही, पण शब्दाला माहीत होतं.

1992 बद्दल विचारलं आहे, तर तेही सांगायला हवं. इस्तंबूलमध्ये समोर बेलग्रेडचा पार्टिझान होता. युगोस्लाव्हियातल्या युद्धामुळे त्या मोसमात पार्टिझान आपले जवळजवळ सगळे 'घरचे' सामने माद्रिदजवळच्या फुएनलाब्रादात खेळत होता. तोमास जोफ्रेसाने शेवटच्या क्षणांत बास्केट करून बादालोनाला 70-68 असं पुढे नेलं. पार्टिझानच्या जॉर्जेविचने चेंडू घेतला, अख्खं कोर्ट पळत पार केलं आणि तोल जात असताना तीन गुणांचा फेक मारला. 71-70. पार्टिझानचा तरुण प्रशिक्षक होता झेल्को ओब्रादोविच.

दोन वर्षांनी तेल अवीवमध्ये पुन्हा अंतिम सामना, समोर ऑलिंपियाकोस. या वेळी बादालोनाच्या बाकावर प्रशिक्षक म्हणून तोच ओब्रादोविच बसला होता. 57-56 ने मागे असताना अखेरच्या सेकंदांत कॉर्नी थॉम्पसनने तीन गुण मारले आणि 59-57 ने युरोपचा चषक विमानवेड्या पोरांच्या क्लबकडे गेला. 'दुःखा'वरून नाव पडल्याची गोष्ट सांगणाऱ्यांना नेमका हा सामना का आठवत नाही?

लिहायचं कसं, हे राहिलं. काटेकोर लिहायचं तर 'पेञा', कारण तो ध्वनी ञ चाच आहे. पण बाराखडीत पाठ करून आपण ञ तिथेच सोडून देतो, कुणी वाचणार नाही. म्हणून 'पेन्या' लिहा. एक अडचण मात्र आहे. गण्या, बंड्या, पक्या यांच्या सवयीने मराठी कानाला 'पेन्या' पुल्लिंगी वाटतो आणि "पेन्या हरला" अशी वाक्यं दिसतात. मूळ शब्द स्त्रीलिंगी आहे, 'ला' त्याचंच. 'कन्या'प्रमाणे चालवा: पेन्या खेळली, पेन्येने सामना जिंकला.