पॉलीऑक्सोमेटलेट पहिल्यांदा हाताळताना

पॉलीऑक्सोमेटलेट म्हणजे धातू आणि ऑक्सिजनचे पिंजऱ्यासारखे आयन; इथे हायड्रोजन पेरॉक्साइडसोबत उत्प्रेरक म्हणून वापरायचे. सुरुवात फॉस्फोटंगस्टिक ॲसिडपासून कर. सहज मिळतं, आणि 1933 मध्ये केगिनने एक्स-रेने त्याची रचना उलगडली, तेव्हापासून ती ठाऊक आहे: मधे एक फॉस्फरस, भोवती बारा टंगस्टन, सगळे ऑक्सिजनने बांधलेले. पण बाटलीवर जे लिहिलंय तेच फ्लास्कमध्ये काम करतंय, असं धरून चालू नकोस. हायड्रोजन पेरॉक्साइड भरपूर असलं की हा पिंजरा फुटतो आणि चार टंगस्टनचा छोटा पेरॉक्सो आयन तयार होतो. अल्कीनचं (कार्बन-कार्बन दुहेरी बंध असलेल्या रेणूचं) इपॉक्साइड, म्हणजे त्या बंधावर ऑक्सिजनची तीन अणूंची कडी, करणारा खरा गडी बहुधा तोच. या आयनावर काम केलेल्या व्हेंच्युरेलो या रसायनज्ञाची 1980च्या दशकातली कामं जरूर वाच.

म्हणून फॉस्फरस एनएमआर (फॉस्फरस कशाने वेढलाय ते चुंबकीय क्षेत्रात दाखवणारी तपासणी) काढायचा कंटाळा नको. पाण्यात उणे 15 पीपीएमच्या आसपास एकच रेघ दिसली तर पिंजरा शाबूत. इतर रेघा उगवल्या की मोडतोड सुरू झाली समज. पीएच दोनच्या वर गेला तरी तेच होतं, तेव्हा उगाच बफर ओतू नकोस.

उत्प्रेरकाशिवायची रिॲक्शन सोबत लावच; गाइड पहिला प्रश्न तोच विचारतात.

मिश्रण निळं पडलं तर धातूचं क्षपण झालंय (त्याला इलेक्ट्रॉन मिळालेत), बहुतेक पेरॉक्साइड संपलंय. टीएलसी प्लेटवर (मिश्रणातले घटक वेगळे दाखवणारी पट्टी) फॉस्फोमॉलिब्डिक ॲसिडचे, म्हणजे टंगस्टनऐवजी मॉलिब्डेनम असलेल्या भावंडाचे, निळे-हिरवे डाग येतात, त्यामागचं रसायन हेच.

रोटाव्हॅपला (द्रावक उडवायच्या यंत्राला) लावण्याआधी स्टार्च-आयोडाइडची पट्टी बुडवून बघ. निळी झाली तर पेरॉक्साइड उरलंय; आधी सोडियम सल्फाइट टाकून ते संपव. आणि ॲसिटोनने फ्लास्क विसळायची सवय इथे बंद: आम्ल, पेरॉक्साइड आणि ॲसिटोन एकत्र आले की स्फोटक बनतं.