नस्तालीक लिहिताना शाई पसरते? कलम नको, कागद बदला

तीन कलम बदलून पाहिले तरी हातकागदावर नस्तालीक (उर्दू-फारसीची वळणदार अक्षरशैली) लिहिताना शाई पसरते, अक्षराची कड खरबरीत येते. आता इराणचा दिझफुली कलम मागवू का, असा तुमचा प्रश्न. हवा तर मागवा, तिथला बोरू उत्तम असतो. पण शाई पसरायची थांबणार नाही. दोष कागदाचा आहे.

‘हातकागद म्हणजेच अस्सल’ असं सरसकट सांगितलं जातं, ते मला मुळीच पटत नाही. उस्मानी इस्तंबूल घ्या, सफवी इस्फहान घ्या, कच्च्या कागदावर खत्तात (सुलेखनकार) नेटकं काम करतच नव्हते. खळ द्यायची, अकीकाने (गुळगुळीत दगडाने) घोटायचं, मगच कलम टेकवायचा. या खळीलाच तिकडे आहार म्हणतात. आपल्या जुन्या दप्तरांतला घोटीव कागद त्याच रीतीचा.

पाव लिटर गार पाण्यात दहा ग्रॅम मक्याचं पीठ (कॉर्नफ्लोअर) कालवा, मंद आचेवर ढवळत शिजवा, पारदर्शक झालं की उतरवून गाळा. कोमट असताना स्पंजने एका दिशेने एक हात द्या, वाळला की दुसरा त्याला आडवा. त्यावर अंड्याचा थर. चार-पाच अंड्यांच्या पांढऱ्यात तुरटीचा सुपारीएवढा खडा फिरवत राहा. आधी फेस येतो, मग गुठळ्या धरतात आणि पाण्यासारखा पातळ द्रव सुटतो. तो मलमलीतून गाळा. लावायचा तो हाच. घाईत फेसासकट लावलंत तर बुडबुड्यांच्या जागी खळगे राहतात आणि कलम नेमका तिथे अडखळतो.

वाळल्यावर आठवड्याच्या आत घोटायला घ्या. उशीर झाला की थर कडक होतो आणि दगडाखाली तडकतो. लोकरीच्या फडक्याला कोरडा साबण चोळून ते कागदावरून हलकं फिरवा, म्हणजे अकीक अडकत नाही. खाली गुळगुळीत फळी हवी. फळीवरचा ओरखडा कागदावर उमटतो. मग वजनाखाली निदान वर्षभर मुरू द्या.

अशा कागदावर शाई आत शिरत नाही, वर बसते. म्हणून कड धारदार येते आणि चुकलेला भाग ओल्या बोटाने उचलता येतो. त्यासाठी शाई मात्र काजळी आणि डिंकाचीच हवी. बाजारातल्या जलरोधक ड्रॉइंग इंकमध्ये बहुधा लाख असते. ती पुसली जात नाही, वर कलमाची चीर बुजवते. दौतीत कच्च्या रेशमाचा बोळा (लिका) ठेवा, कलम जास्त शाई उचलणार नाही आणि टोक तळाला आपटणार नाही.

कलमाबद्दल इतकंच: टोक मक्त्यावर (कलम कापायच्या छोट्या पट्टीवर) ठेवून एका दाबात कापा, आणि देवनागरीसाठी कापलेला बोरू वापरू नका, जाड-बारीक उलटं पडतं. टोक झिजून गोलावलं की नुक्ता (कलमाच्या टोकाने उमटणारा चौकोनी ठिपका) बिघडतो, आणि माप सगळं नुक्त्याचं. नस्तालीकचा अलिफ (पहिलं, उभ्या रेघेचं अक्षर) तीन नुक्त्यांचा, सुलुस या अरबी शैलीचा साधारण सात. ही नुक्त्यांची मोजणी बगदादच्या इब्न मुक्ला या सुलेखनकारापासून (मृत्यू 940) चालत आली असं मानतात. एक मिलिमीटरच्या बारीक नस्खला (ही दुसरी अरबी शैली) बोरू टिकत नाही, तिथे ताडवर्गीय झाडाच्या कडक काडीचा ‘जावा’ कलम घ्यावा.

अंडं चालत नसेल तर नुसत्या खळीचे तीन-चार हात द्या, चमक कमी येते पण काम होतं. पावसाळ्यात हे करू नका, थर चिकट राहतो आणि बुरशी धरतो. कसर आणि झुरळंही या कागदावर तुटून पडतात. रोजच्या सरावाला घोटीव कागद वाया घालवू नका, गुळगुळीत आर्ट पेपर पुरे. आणि घोटलेल्या कागदावर शाई थेंबाथेंबाने आकसली, तर वर साबणाचा किंवा हाताचा तेलकटपणा राहिलाय: खडूची वस्त्रगाळ पूड पुरचुंडीत बांधून हलकी थोपटा, झटका आणि लिहा.