पक्क्या परवान्याच्या चाचणीत दुचाकी लेनमध्ये नेमकी कुठे ठेवावी आणि वळणे कशी घ्यावीत?

तुम्ही लिहिले आहे की शिकाऊ परवान्यावर तुम्ही कोपरखैरणे परिसरात गिअरची मोटारसायकल चालवता, पक्क्या परवान्याची चाचणी जवळ आली आहे, आणि घरच्यांनी "कायम डाव्या कडेला धरून चालव" असे शिकवल्यामुळे उजवीकडे वळायचे झाले की त्या कडेवरून रस्त्याच्या मध्याकडे केव्हा आणि कसे यायचे हे तुम्हाला कळत नाही. मी नवी मुंबईत बरीच वर्षे दुचाकी शिकवते आहे, आणि शिकायला येणाऱ्यांपैकी बहुतेकांची अडचण नेमकी हीच असते. तिचे उत्तर एका वाक्यात सांगायचे तर, वळण चौकात घेतले जात नाही, ते चौकाच्या बरेच आधी, तुम्ही लेनमध्ये कुठे आहात यावरून ठरते.

आधी सरळ जाण्याबद्दल. कायद्याने आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालायचे आहे, पण डावी बाजू म्हणजे रस्त्याची कड नव्हे. कडेला गटाराची झाकणे, सुटी खडी, उखडलेले पेव्हर ब्लॉक आणि उभ्या गाड्यांचे अचानक उघडणारे दरवाजे असतात. शिवाय रिक्षा प्रवासी दिसताच तिथेच थांबते. कडेला चिकटलेल्या दुचाकीला आपल्याच लेनमधून ओलांडून जाता येईल असे मागच्या बसचालकाला वाटते आणि तो तुम्हाला आणखी बाहेर रेटतो. म्हणून डावी लेन धरा, पण तिच्यात साधारण मधोमध किंवा मधल्यापेक्षा किंचित उजवीकडे, म्हणजे मोटारींची उजवी चाके जिथून जातात त्या पट्ट्यावर राहा. सिग्नलजवळ मात्र लेनचा अगदी मधला भाग टाळावा, कारण थांबलेल्या वाहनांचे तेल तिथे ठिबकते आणि पहिल्या पावसात तो भाग कमालीचा निसरडा होतो. ठाणे-बेलापूर रस्त्यासारख्या सिमेंटच्या रस्त्यांवर लांबीच्या दिशेने जाणारे सांधे असतात. त्यांना समांतर चाक घालू नका, लेन बदलताना ते थोड्या तिरक्या कोनात ओलांडा.

डावे वळण त्या मानाने सोपे आहे. ज्या रस्त्यावरून निघता आणि ज्या रस्त्यात शिरता, त्या दोन्हींच्या डाव्या बाजूजवळ राहायचे, एवढाच नियम आहे. नवशिक्या चालकाची गाडी वळण्याआधी उजवीकडे झोल घेते किंवा वळून झाल्यावर रुंद होत समोरच्या लेनमध्ये जाते, आणि दोन्हींचे कारण बहुतेक वेळा वेग वळणापूर्वी पुरेसा कमी केलेला नसणे हेच असते. सिग्नल लाल असताना डावीकडे वळण्याची मुभा आपोआप मिळत नाही, तसे फलक किंवा बाण असतील तरच ती असते, हेही ध्यानात असू द्या.

आता उजवे वळण, ज्याच्यावर मी शिकवताना सर्वांत जास्त वेळ घालवते. क्रम असा ठेवा की तो न आठवता हातून होईल: उजव्या आरशात पाहणे, इंडिकेटर देणे, उजव्या खांद्यावरून मान वळवून एकदा प्रत्यक्ष पाहणे, आणि मगच सरकणे. आरशात न दिसणारा एक टापू तुमच्या उजव्या मागच्या कोपऱ्यात कायम असतो आणि मागून येणारी दुसरी दुचाकी नेमकी तिथेच असते, म्हणून आरसा पाहिला तरी मान वळवणे सुटत नाही. सरकताना एका दमात कडेपासून मध्यापर्यंत तिरके जाऊ नका. एक लेन बदला, तिच्यात स्थिर व्हा, पुन्हा पाहा, मग पुढची. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर मध्यरेषेच्या लगेच डावीकडे, आणि दुभाजक असलेल्या रस्त्यावर त्याच्या शेजारच्या लेनमध्ये तुम्ही चौकापूर्वीच पोहोचलेले असले पाहिजे. ऐरोली किंवा तुर्भ्याच्या बाजूला रस्ता अनेक लेनचा आणि वाहतूक वेगाची असते, तिथे ही तयारी शंभर-दीडशे मीटर आधी सुरू करावी लागते. तोवर जागा मिळाली नाही, तर सरळ पुढे जाऊन पुढच्या चौकातून वळावे. शेवटच्या क्षणी कंटेनरच्या पुढून आडवे जाण्यापेक्षा ते केव्हाही चांगले, कारण उंच केबिनमधून अगदी समोरची आणि डाव्या कुशीतली दुचाकी चालकाला दिसत नाही.

चौकात आल्यावर समोरून सरळ येणाऱ्यांना आधी जाऊ द्या. थांबून राहावे लागले तर पुढचे चाक सरळ ठेवून थांबा. चाक आधीच उजवीकडे वळवलेले असेल आणि मागून धक्का बसला, तर गाडी समोरच्या वाहतुकीत ढकलली जाते. वळताना कोपरा कापू नका: चौकाच्या मध्यापर्यंत पुढे जाऊन मग वळा आणि नव्या रस्त्याच्या डाव्या बाजूला उतरा. कोपरा कापणारा चालक त्या रस्त्यातून बाहेर येणाऱ्याच्या थेट अंगावर जातो, आणि निरीक्षकांच्या नजरेत ही चूक लगेच भरते. वाशीच्या शिवाजी चौकासारख्या वर्तुळात उजवीकडे जायचे असले, तरी वर्तुळाला उजव्या हाताला ठेवून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनेच फिरायचे असते. आत आधीपासून असलेल्या वाहनांना प्राधान्य असते, आणि बाहेर पडताना डावा इंडिकेटर द्यायचा असतो. दुचाकीचा इंडिकेटर बहुतेक गाड्यांवर आपोआप बंद होत नाही, म्हणून वळण पूर्ण होताच अंगठ्याने बंद करण्याची सवय लावा. हाताने इशारा करायचा झाला तर उजवा हात थ्रॉटलवरून सुटतो. तो सरळ चालताना, वेग कमी करण्याआधीच करून मोकळे व्हावे.

गाडी हाताळण्याबद्दल थोडेच सांगते. ब्रेक आणि गिअर उतरवणे ही दोन्ही कामे गाडी सरळ असतानाच संपवा. झुकलेल्या गाडीचा पुढचा ब्रेक दाबला की चाक घसरते, विशेषतः झेब्रा पट्ट्यांच्या रंगावर. चाचणीतल्या 8 आकाराच्या मार्गावर पहिला गिअर, अर्धा क्लच, थ्रॉटल स्थिर आणि मागच्या ब्रेकवर पायाचा हलका दाब ठेवा. नजर पुढच्या चाकाकडे नको, पुढच्या वळणाच्या शेवटाकडे असावी, कारण आपण पाहतो तिकडेच हँडल वळते. हेल्मेट आयएसआय चिन्हाचे असावे, त्याचा पट्टा लावलेला असावा आणि साईड स्टँड वर घेतलेला असावा, हे निघण्याआधी तपासा.

केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 च्या नियम 15 मध्ये चाचणीत काय पाहावे याची यादी दिली आहे. इशारा देण्याआधी आरसा पाहणे, डावी-उजवी वळणे योग्य रीतीने घेणे आणि योग्य इशारा देऊन लेन बदलणे या गोष्टी तिच्यात स्पष्ट आहेत. त्यामुळे 8 जमले म्हणजे सगळे झाले असे समजू नका. मान वळवताना ती निरीक्षकांना दिसेल अशी वळवा. नुसते डोळे फिरवले तर पाहिले की नाही हे त्यांना कळायला मार्ग नसतो. चाचणीत यश आले नाही तर 7 दिवसांनी पुन्हा देता येते, पण तीनदा अपयश आल्यास 60 दिवस थांबावे लागते, म्हणून पुरेशी तयारी करूनच जा.

सरावासाठी माझा आग्रह असा की सुटीच्या दिवशी सकाळी महापे किंवा रबाळे एमआयडीसीतील आतला एखादा चौक निवडावा आणि चारही दिशांनी येऊन त्याच चौकात डावी व उजवी वळणे घ्यावीत. रस्ता तोच राहिल्याने लक्ष फक्त क्रमावर आणि लेनमधल्या जागेवर राहते. गाडीला पुढे व मागे 'एल' अक्षर लावलेले असू द्या, आणि मागच्या सीटवर कोणी बसणार असेल तर ती व्यक्ती स्वतःचा पक्का परवाना असलेली, तुम्हाला शिकवणारीच असली पाहिजे. शिकाऊ परवान्यावर इतर कोणालाही मागे बसवता येत नाही.