वाळवंटातल्या घरी हिवाळ्यात बघण्यासारखं काही असतं का?

असतं की, आणि उन्हाळ्यापेक्षा जास्तच असतं कारण दुपारी आरामात बाहेर बसता येतं.

सगळ्यात आधी तापमान बघा. हवेत बाष्प कमी, ढग जवळपास नाहीत, त्यामुळे जमिनीची उष्णता रात्री सरळ आकाशात निघून जाते आणि दुपारी २० डिग्री असलेलं पहाटे शून्याजवळ येऊ शकतं. थर्मामीटर सावलीत, जमिनीपासून साधारण दीड मीटरवर लावा, भिंतीला चिकटवू नका, भिंत दिवसभर तापलेली असते म्हणून आकडा खोटा येतो. आणि गंमत म्हणजे थर्मामीटर २-३ डिग्री दाखवत असला तरी खाली गवतावर पांढरं दव गोठलेलं दिसतं, कारण वारा नसला की थंड जड हवा जमिनीलगत साचते, खोलगट जागी तर जास्तच.

सरडे वगैरे ऊन चढल्याशिवाय दिसणार नाहीत. पक्षी मात्र भरपूर, थरच्या वाळवंटाच्या बाजूला असाल तर कांड्या करकोचे मध्य आशियातून हिवाळ्याला येतात, राजस्थानात खीचनला हजारोंनी उतरतात. अमेरिकेतल्या वाळवंटात पुअरविल नावाचा एक पक्षी तर थंडीत दगडाच्या खाचेत आठवडेच्या आठवडे सुप्तावस्थेत पडून राहतो, पक्ष्यांमध्ये हे फारच दुर्मिळ!

सकाळी वारा सुटायच्या आत वाळूवरचे ठसे बघून घ्या, नंतर पुसले जातात. महागडा कॅमेरा वगैरे सुरुवातीला अजिबात नको, दुर्बीण आणि वही पुरे.