संत्र्याचा ठेवलेला रस कडू का होतो?

प्रश्न : ऑक्टोबरमध्ये आंबिया बहाराची संत्री बाजारात आली की आमच्या घरी रोज सकाळी रस निघतो. ताजा रस आंबटगोड लागतो, पण उरलेला फ्रीजमध्ये ठेवला तर संध्याकाळपर्यंत कडू होतो. टिकावा म्हणून एकदा उकळून पाहिला, तर आणखीच कडू झाला. सासूबाई भांड्याला दोष देतात आणि मला फळवाल्याची शंका येते. रस नासतो का?
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : रस नासला असता तर त्याला आंबूस वास आला असता, वर फेस दिसला असता. नुसता कडवटपणा वाढत असेल, तर फळवाला आणि भांडे दोघेही निर्दोष आहेत. लिंबूवर्गीय फळांचा हा गुणधर्म शास्त्रज्ञांना चांगला परिचित आहे.

या कडू पदार्थाचे नाव लिमोनीन. अखंड फळात तो जवळजवळ नसतो. तिथे असतो त्याचा पूर्वज, ज्याला चवच नसते. पूर्वजाच्या रेणूतील एक कडे उघडे असते; ते मिटले आणि त्यातून पाण्याचा एक रेणू बाहेर पडला की लिमोनीन तयार होते. कडे मिटायला आम्लता लागते. फळाच्या पेशीत आम्ल रिक्तिकेत, म्हणजे पेशीतील रस साठवणाऱ्या पिशवीत, कोंडलेले असते आणि हा पूर्वज बाहेरच्या, जवळपास उदासीन पेशीद्रव्यात असतो, त्यामुळे त्यांची गाठ पडत नाही. आपण फोडी पिळता तेव्हा पेशी फुटतात, दोघे एकत्र येतात आणि फळातीलच एक विकर, म्हणजे एन्झाइम, कडे मिटवण्याचे काम वेगाने करू लागते. एक लिटर रसात 6 मिलिग्रॅमच्या आसपास लिमोनीन झाले तरी जिभेला कडवटपणा कळतो. साखर घातल्याने तो झाकला जातो, क्रिया थांबत नाही.

आपण उकळण्याचा उल्लेख केलात, याचा मला विशेष आनंद झाला, कारण विकर म्हणजे काय हे त्यातूनच नीट समजते. विकर ही प्रथिने असतात. उकळल्यावर त्यांची घडी मोडते आणि ती निकामी होतात. चिरलेले सफरचंद काळे पडते तेही विकरामुळेच, आणि तिथे उकळत्या पाण्याचा किंवा लिंबाच्या रसाचा उपाय चालतो. मग संत्र्याचा रस उकळूनही कडू का झाला? विकर एखादी क्रिया केवळ जलद करते; जी क्रिया मुळात होऊच शकत नाही, ती विकरामुळेही होत नाही. संत्र्याच्या रसातील आम्ल हे कडे विकराच्या मदतीवाचूनही हळूहळू मिटवू शकते, आणि आच दिली की त्याची गती वाढते. म्हणजे आपण मदतनीस काढून टाकलात, पण मूळ क्रियेलाच ऊब दिलीत. फ्रीजमध्ये ती मंदावते, थांबत नाही.

आता झाडाकडे वळू. लिमोनीनच्या चयापचय मार्गाचा, म्हणजे ते टप्प्याटप्प्याने घडण्याच्या वाटेचा, आरंभ फळात होत नाही, तो खोडाच्या सालीलगतच्या रसवाहिन्यांत होतो. तिथे ॲसिटेटसारख्या साध्या घटकांपासून, 30 कार्बनच्या स्क्वालीनमार्गे, नोमिलीन नावाचा पदार्थ तयार होतो आणि तो पाने, फळे व बिया यांच्याकडे वाहून नेला जातो. तेथील विकरे एकामागून एक बदल करत त्यापासून लिमोनीनचा पूर्वज घडवतात. कडुनिंबातील अझाडिरॅक्टीन याच कुळातले असून, किडींनी तोंड लावू नये यासाठी झाडांना अशा पदार्थांचा उपयोग होतो.

फळ पिकू लागले की मात्र आणखी एक विकर कामाला लागते. ते पूर्वजाच्या उघड्या कड्यापाशी ग्लुकोजचा एक रेणू जोडते. त्यानंतर कडे मिटू शकत नाही आणि कडू चवही येत नाही. झाड स्वतःच आपल्या फळातला कडवटपणा असा काढून घेते, ही गोष्ट मला फार विलक्षण वाटते. हंगामाच्या सुरुवातीला येणाऱ्या हिरवट सालीच्या संत्र्यांत हे काम अर्धवट राहिलेले असते, म्हणून त्यांचा रस पुढे अधिक कडू होतो. झाडावर पूर्ण पिकलेल्या फळाचा तुलनेने कमी.

तेव्हा पिकलेली फळे घ्यावीत, रस लागेल तेवढाच काढावा आणि लगेच प्यावा. सर्वांत जास्त कडू पदार्थ बियांत आणि त्याखालोखाल फोडींच्या पापुद्र्यांत असतात, त्यामुळे बियांसकट फोडी मिक्सरमध्ये फिरवणे टाळावे आणि गाळताना चोथा दाबून पिळू नये. खात्री करायची असल्यास एकाच फळाच्या निम्म्या फोडी बिया काढून हलक्या हाताने पिळाव्यात, उरलेल्या बियांसकट मिक्सरमधून काढाव्यात आणि दोन्ही पेले चार तास ठेवून सासूबाईंना चाखायला द्यावेत. दोन्ही पेले एकाच प्रकारचे असू द्यावेत, म्हणजे भांड्याचा प्रश्नही निकालात निघेल.