थोडंसं खाल्लं तर काय होतंय?

पत्र:

मावशी, मी सांगलीची, वय ३६. दोन वर्षांपूर्वी मिरजेत एंडोस्कोपी झाली आणि सीलिएक निघाला. तेव्हापासून गहू बंद आहे, पण घरात ते कुणाला मनापासून पटलेलं नाही. आता मामंजींच्या पंच्याहत्तरीसाठी मोठ्या दिरांनी मुंबईहून गोवा-लक्षद्वीप अशी चार रात्रींची क्रूझ बुक केलीय. सगळे मिळून १४ जण. जाऊबाई म्हणतात, "बुफेत एवढे पदार्थ असतात, तुलाच काही मिळणार नाही होय?" आत्यांचं म्हणणं, खपली खा, खपलीनं काही होत नाही. नवरा म्हणतो, चार दिवस अ‍ॅडजस्ट कर. खरं सांगते, वाद नको म्हणून मी प्रसादाचा शिरा, वाढदिवसाचा केक चमचाभर खाते. आठ वर्षांच्या लेकीला हे दुखणं लागू नये म्हणून तिचीही चपाती बंद करून भाकरी सुरू केलीय. क्रूझला जाऊ, की पाय मुरगळलाय सांगून घरी राहू?
– एक सून

उत्तर:

अगं, पाय धड आहे तो धडच राहू दे. क्रूझला जा.

जहाजाच्या स्वयंपाकघराची मला तेवढी धास्ती नाही. तिथं तुझं नाव, केबिनचा नंबर आणि आजार एकदा कागदावर चढला की तुला सांभाळणं हा कुणाच्या तरी नोकरीचा भाग होतो. त्या माणसाला तुझा राग येत नाही आणि तू नखरे करतेस असंही वाटत नाही. घरात मात्र दर वेळी तुला नव्यानं पटवून द्यावं लागतं आणि कंटाळून तू तो चमचा तोंडात घालतेस. माझं भांडण त्या चमच्याशी आहे.

सीलिएक म्हणजे गहू जड जाणं नव्हे. गहू, जव आणि राय (मोहरी नव्हे, गव्हासारखं एक धान्य) यांतलं ग्लुटेन नावाचं प्रथिन पोटात गेलं की शरीर स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उठतं. मग खाल्लेलं अंगी लागत नाही, रक्त कमी होतं, हाडं ठिसूळ होतात. पोट दुखलं नाही म्हणजे सुटलो असं नाही, आतलं नुकसान गुपचूप चालूच असतं. औषध एकच, ग्लुटेन बंद, तेही जन्मभर. आपल्याकडे पाकिटावर 'ग्लुटेन-फ्री' छापायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आत ग्लुटेन असावं लागतं. रोजच्या रोज साधारण १० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये असं मानतात, आणि चमचाभर शिरा त्याच्या कितीतरी पुढे जातो. "थोडंसं खाल्लं तर काय होतंय?" या प्रश्नाचं उत्तर हे एवढं आहे. ते तोंडपाठ कर.

खपलीचं आत्यांना रागवू नकोस. आपल्या कृष्णाकाठी खपली पिकते, मधुमेहवाले ती कौतुकानं खातात, बाजारात तिचं गुणगान चालू असतं. पण खपली हा गहूच आहे. जुना, चवीचा, खिरीला उत्तम, आणि तुझ्यासाठी पूर्ण बंद. पंजाब-दिल्लीकडे घराघरात गहू, तिकडं हा आजार जास्त दिसतो. इकडं तो शेजारीपाजारी कुणाला झालेला नसतो, म्हणून जाऊबाईंना ते फॅड वाटतं. वजन कमी करायला गहू सोडणाऱ्या हौशी मंडळींनी त्यात भर घातली आहे, हेही खरं.

आता नवऱ्याला कामाला लाव. निघण्याच्या आधी त्यानं मामंजींसमोर बसून सांगायचं: हिचा आजार रिपोर्टात आहे, हिला कुणी आग्रह करायचा नाही, आणि हिच्या ताटात दुसऱ्याचा चमचा जाणार नाही. हे त्यानंच सांगायचं, तेही समोर बसून. फॅमिली ग्रुपवर टाकलं की खाली अंगठे येतात आणि विषय संपतो. सुनेनं सांगितलं की तक्रार आणि मुलानं सांगितलं की माहिती, हा न्याय मलाही पसंत नाही. पण आत्ता तुला न्याय मिळवायचा नाही, पोटभर जेवायचंय. न्यायाचं नंतर बघू.

जहाजाचं काम आजच सुरू कर. दिरांकडून बुकिंग नंबर घे आणि कंपनीला मेल टाक, मिरजेच्या डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी जोडून. उत्तर लेखी माग. 'ग्लुटेन-फ्री' एवढ्यावर थांबू नकोस. गहू, मैदा, रवा, जव, सोया सॉस आणि हिंग असं एकेक नाव लिही. हिंग तर ठळक अक्षरात. डबीतली बांधणी हिंग बऱ्याचदा मैद्यात बांधलेली असते, आणि ती डाळीत, सांबारात, कढीत, पापडात सगळीकडे पोचते. मैदा नको म्हटलं की ब्रेड आणि रोट्या बाजूला होतात. फोडणी कुणाच्या ध्यानातच येत नाही. कुणी जैन काउंटरकडे बोट दाखवलं तर हसून नको म्हण, तिथं कांदा-लसूण नसतो, गहू असतोच.

चढल्या दिवशी जेवणघराच्या मुख्य वाढप्याला गाठ आणि दुसऱ्या दिवशीची दोन्ही जेवणं आदल्या संध्याकाळी ठरवून टाक. बुफे मी तुझ्या जागी असते तर टाळलाच असता. पदार्थ चांगले असतात, चमचे वाईट: एकाच डावानं पास्ताही वाढतात आणि भातही. फ्रेंच फ्राईज म्हणजे बटाटाच की, असं वाटतं, पण त्याच तेलात समोसे तळलेले असतात आणि तळल्यानं ग्लुटेन मरत नाही. तंदूरमध्ये रोट्यांचं पीठ झडतं, म्हणून पनीर टिक्का नको. डोशाच्या तव्यावर पराठा भाजलाय का ते विचार. मंचुरियन सोडूनच दे. उकडलेली अंडी, अखंड फळं, साधा भात, दही, फॉइलमध्ये वेगळी भाजलेली मासळी एवढ्यावर चार दिवस मजेत निघतात. मासळी खात असशील तर तुझी खरं म्हणजे चंगळच.

घरचं शिजवलेलं जहाजावर नेऊ देतीलच असं नाही, त्याच मेलमध्ये विचारून टाक. सीलबंद पाकिटं चालतील का, तेही विचार. कडक भाकरी, राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की घे. भडंगाशिवाय सांगलीचा माणूस गाव सोडत नाही, तेही घे, फक्त मसाल्यात हिंग आहे का ते वाचून. कडक भाकरी घेताना पीठ कुठं दळलं तेवढं विचार, कारण गव्हावर दळलेल्या ज्वारीत गहू येतोच. तुझ्या घरचं दळणही त्याच गिरणीतून येत असेल तर घरघंटीचा विचार कर. मुंबईपर्यंत रात्रीची गाडी असेल तर डबा घरचाच. लक्षद्वीपला किनाऱ्यावर उतरशील त्या दिवशी आधी पोटभर खाऊन उतर आणि पिशवीत पाकीट ठेव.

राहिला केक. पंच्याहत्तरीचा केक कापला जाणार, मामंजी प्रत्येकाला घास भरवणार, तुझी पाळी आली की बाकी तेरा जणांचे डोळे तुझ्यावर. तिथं नाही म्हणणं जड जातं, म्हणून ते तिथवर येऊच देऊ नकोस. साताऱ्याचे कंदी पेढे घे, मुख्यतः खवा आणि साखर, तरी दुकानात विचारून घे. एक पेढा आधीच मामंजींच्या हातात देऊन ठेव आणि सांग, "मामंजी, मला हा भरवा." त्यांना भरवायचंय, केकच भरवायचाय असं थोडंच आहे.

लेकीचं मात्र तू चुकवते आहेस. तिची चपाती पुन्हा सुरू कर. सीलिएक असणाऱ्याच्या मुलांना, भावंडांना, आईवडिलांना तो असण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, त्यामुळे तिची तपासणी व्हायलाच हवी. पण टीटीजीची रक्तचाचणी, म्हणजे सीलिएक शोधण्याची चाचणी, गहू पोटात असतानाच खरी ठरते. गहू सोडून तपासलं तर आजार असूनही रिपोर्ट चांगला येऊ शकतो, आणि मग तुम्ही निर्धास्त राहाल. भाकरी खाल्ल्यानं आजार टाळता येतो असंही नाही. किती दिवस चपाती देऊन मग रक्त द्यायचं, हे मिरजेच्या डॉक्टरांनाच विचार, आणि ते विचारायला क्रूझहून परत येईपर्यंत थांबू नकोस. तुझ्या माहेरच्यांनाही सांग, विशेषतः कुणाला वर्षानुवर्षं रक्त कमी असल्याच्या गोळ्या चालू असतील तर.