‘संशयास्पद बुडणे’ की आणखी काही?

माल्टाच्या गोझो बेटावर घडणाऱ्या एका इंग्रजी रहस्यकथेचे भाषांतर करणाऱ्या एका वाचकांनी विचारले आहे की, पहिल्याच प्रकरणात किनाऱ्याजवळ एक प्रेत मिळते आणि पोलीस ज्याला ‘सस्पिशस ड्राउनिंग’ म्हणतात, त्याला मराठीत ‘संशयास्पद बुडणे’ म्हणावे की ‘संशयित बुडणे’.

‘संशयित’ आधी बाजूला ठेवू. करोनाच्या काळात ‘संशयित रुग्ण’ हा शब्दप्रयोग सर्वांच्या कानांवर पडला. ती व्यक्ती रुग्ण असावी असा संशय आहे, एवढाच त्याचा अर्थ होता. त्याच न्यायाने ‘संशयित मृत्यू’ म्हणजे मृत्यू झाला असावा असा संशय! वृत्तपत्रांत हा प्रयोग अधूनमधून दिसतो, म्हणून तो योग्य ठरत नाही. ‘आस्पद’ म्हणजे स्थान, त्यामुळे संशयाला जागा देणारे ते संशयास्पद, आणि येथे तोच शब्द हवा.

मात्र तो ‘बुडणे’ला जोडला की वाक्य बिघडते. ‘तो संशयास्पदरीत्या बुडाला’ असे लिहिले, तर बुडणाऱ्यानेच काही लबाडी केली असे वाटते. संशय मृत्यूविषयी आहे, म्हणून ‘बुडून संशयास्पद मृत्यू’ हे अधिक बरे.

खरी अडचण यापुढची आहे. इंग्रजीतील ‘ड्राउन’ हे क्रियापद अकर्मकही आहे आणि सकर्मकही, त्यामुळे त्यापासून बनलेले नाम लेखकाला मौन पाळू देते. मराठी क्रियापद तसे करू देत नाही: ‘बुडणे’ म्हटले की अपघात किंवा फार तर आत्महत्या, आणि ‘बुडवणे’ म्हटले की खून, म्हणजे तिसाव्या प्रकरणातले रहस्य पहिल्याच पानावर उघड. शिवाय आधी ठार मारून नंतर पाण्यात टाकलेल्या माणसाला या दोन्ही क्रियापदांपैकी एकही लागू पडत नाही. अशा वेळी शवविच्छेदनात अस्थिमज्जेतील डायटम, म्हणजे पाण्यातील सूक्ष्म शैवाल, तपासले जातात, कारण पाणी फुप्फुसात जाताना हृदय चालू असेल तरच ते रक्ताबरोबर तिथवर पोहोचू शकतात. तो अहवाल कथेत येईपर्यंत ‘बुडून’ हे रूपसुद्धा घाईचेच आहे. म्हणून माझी सूचना अशी की, निवेदकाने ‘पाण्यात मृतदेह सापडला’ एवढेच म्हणावे आणि पोलिसांच्या तोंडी ‘घातपाताचा संशय आहे’ हे वाक्य द्यावे. ‘घातपात’ हा आपल्या बातम्यांत रुळलेला शब्द आहे आणि तो कृत्य कसे घडले याबद्दल काहीच सांगत नाही.

‘जलसमाधी’ मात्र कटाक्षाने टाळावी. ती योग्याने स्वेच्छेने घ्यावी, किंवा बोटीला आणि धरणाखालच्या गावाला मिळावी. खून झालेल्या माणसाला नव्हे. ‘अकस्मात मृत्यूची नोंद’ हीदेखील आपल्या पोलीस ठाण्याची भाषा आहे (पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 174, 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 194). माल्टात अशा प्रकरणांची चौकशी दंडाधिकारी करतात, तेव्हा ‘दंडाधिकाऱ्यांची चौकशी’ असेच लिहावे, नाहीतर गोझोचे पोलीस रत्नागिरीचे वाटू लागतील.

जाता जाता एक गंमत. त्या बेटावरची माल्टी भाषा अरबीच्या कुळातली, पण रोमन लिपीत लिहिली जाणारी आहे, आणि तिच्यातही बुडणे व बुडवणे यांची रूपे एकाच धातूपासून निघूनही वेगळी आहेत. तो धातू अरबीतला ग-र-क. फारसीच्या वाटेने तोच आपल्याकडे आला आणि ‘कामात गर्क’ झाला. संस्कृतातल्या ‘मग्न’चा मूळ अर्थही बुडालेला असाच आहे. तेव्हा आपल्या भाषांतरात एखादे पात्र पुस्तकात गर्क असेल, तर तो शब्द माल्टाच्या पाण्याला अजिबात परका नाही.